डांबरगोळ्यांचा हिवाळा

रेवा, नील,

रविवारी फोनवर रेवानं विचारलं, "आजी, जानेवारीत आम्ही आलेले तुला नको आहोत का?" मी "नंतर सांगते हं" म्हणून फोन आजोबांच्या हातात दिला. प्रश्नाचं उत्तर लगेच आणि पूर्ण वाक्यात द्यावं, असं मी वर्गातल्या मुलांना जन्मभर सांगत आले. पण हे उत्तर एका वाक्यात मावणारं नव्हतं. म्हणून आज सकाळची कामं उरकून, टेबल पुसून लिहायला बसले आहे. आई तुम्हाला हे वाचून दाखवेल. तिला म्हणावं, मधलं काही गाळायचं नाही.

आजच लिहायचं कारण असं की आज पहाटे तो वास यंदा पहिल्यांदाच न शोधता आला. दिवाळीनंतर पंखे बंद झाले, रात्री पायावर पांघरूण लागायला लागलं, तेव्हापासून मी वाटच पाहत होते. गॅलरीचं दार उघडलं आणि तो तिथं उभाच होता. गोडसर, थंड, नाकातून कपाळापर्यंत जाणारा. दार लावून घेतलं आणि आत येऊन गॅसवर दूध ठेवलं. आजोबा पेपर वाचत होते. मी विचारलं, "आला का हो?" ते म्हणाले, "कोण?"

तुमच्या ॲडलेडला शाळेची मोठी सुट्टी डिसेंबर-जानेवारीत असते. आमचा हिवाळा तो तुमचा उन्हाळा. एवढं साधं भूगोलाचं कारण, पण तेच आपल्या मुळावर आलं आहे. तुम्हाला यायला सवड असते तेव्हाच इथं हा मोसम असतो.

एरवी हिवाळा म्हणजे बडोद्याचा सगळ्यात चांगला ऋतू. मे महिन्यात इथं चप्पल रस्त्याला चिकटते, आणि पावसाळ्यात विश्वामित्री नदी कधी पुलाला टेकेल याचा नेम नसतो. दिवाळी झाली की मात्र शहर सुटकेचा श्वास टाकतं. खंडेराव मार्केटमध्ये पापडी, कंद, छोटी वांगी, हिरव्या लसणाच्या जुड्या येतात. पोंक येतो, म्हणजे हुरडा, ज्वारीचे कोवळे भाजलेले दाणे, शेव आणि लिंबू घालून खायचे. सगळ्यांच्या बोलण्यात उत्तरायण येतं. आपण तिला संक्रांत म्हणतो, पण या गावात राहायचं तर त्या दिवशी उत्तरायणच म्हणायचं आणि गच्चीवर जायचं.

नागरवाडा सोडून आम्ही मांजलपूरला आलो ते हवेसाठी. जुन्या शहरातल्या त्या नागरवाड्यात घराला घर चिकटलेलं. शेजारच्या फोडणीचा वास आपल्या उशीपर्यंत यायचा आणि कुणाची भाजी लागली तेही कळायचं. आजोबा निवृत्त झाले तेव्हा म्हणाले, "आता मोकळ्यावर राहू या." मग ही सोसायटी पाहिली. इथं अशा जोडघरांना टेनामेंट म्हणतात. पुढं अंगण, झोका, वर गच्ची, आणि गच्चीवरून तेव्हा थेट हायवेपर्यंत शेतं दिसायची. पहिल्या दिवशी मी वर उभी राहून छाती भरून श्वास घेतल्याचं मला चांगलं आठवतं.

आता त्या हिवाळ्याबद्दल.

रेवा, तू तीन वर्षांची होतीस. बाबा पुढे ॲडलेडला गेले होते, आई पुण्यात नोकरीची नोटीस पुरी करत होती आणि सामानाची आवराआवर करत होती. म्हणून हिवाळाभर तू आमच्याकडे होतीस. नील, तुझा तेव्हा पत्ता नव्हता.

आमच्या घरात गरम कपड्यांची एक रीत होती. होळी झाली की शाली, स्वेटर, रेशमी साड्या धुऊन, वाळवून, मलमलच्या पुरचुंड्यांत डांबरगोळ्या बांधून कपाटात ठेवायच्या. दिवाळी झाली की काढायच्या आणि अंगाला लावण्याआधी काही पहाटे गच्चीवर वाऱ्याला टांगायच्या. पहाटेच, कारण चढत्या उन्हानं रंग विटतो. माझे आजोबा इथल्या संस्थानात अंमलदार होते. त्यांचा लोकरीचा कोट मी लहानपणी पाहिला आहे. त्याला एक भोक पडलेलं नव्हतं, आणि त्याचं श्रेय माझी आई देवापेक्षाही या गोळ्यांना देत असे. माझ्यासाठी तो वास व्यवस्थित घराचा होता. पाहुण्यांच्या पांघरुणाला तो आला की मला बरं वाटायचं.

त्या हिवाळ्यात तू पहाटे खोकायला लागलीस. दिवसा मुळीच नाही. ऊन चढलं की अंगणात झोक्यावर बसून तारस्वरात गायचीस, शेजारच्या मांजरीला पोळी द्यायचीस. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पुन्हा तेच. गादीवर उठून बसायचीस, डोळे मिटलेलेच असायचे, आणि छोटीशी पाठ खोकल्यानं उचकायची. मी हात फिरवत राहायची. हाताखाली बरगड्या मोजता येत होत्या आणि मला त्या मोजायच्या नव्हत्या.

डॉक्टरांनी पाठीला नळी लावून ऐकलं. घरात धूप, उदबत्ती, मच्छरची कॉइल असं काही लावता का, विचारलं. मी नाही म्हटलं. मग ते तुझ्या अंगावर गुंडाळलेल्या माझ्या शालीकडे वाकले. "आंटी, आ डामरनी गोळीनी वास?"

मी हो म्हटलं. आणि एवढं सोपं कारण सापडलं म्हणून मला हायसं वाटलं.

घरी येऊन कपाट रिकामं केलं. साऱ्या पुरचुंड्या कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. प्रत्येक कपडा धुतला. कप्प्यांत सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला आणि लवंगा ठेवल्या. दुसऱ्या पहाटे धुतलेल्या शाली रीतीप्रमाणे गच्चीवर टांगल्या आणि खाली आणल्या, तर वास होताच. पुन्हा धुतल्या, पुन्हा टांगल्या, पुन्हा वास. मी साड्यांच्या घड्यांत नाक खुपसून फिरत असे. गाद्या हुंगल्या, पडदे हुंगले, आजोबांच्या कोटाचे खिसे उलटे केले. आजोबा म्हणायचे, "घरात श्वानपथक आलंय." एकदा तर म्हणाले, "आता मीच तेवढा राहिलोय. मलाही धू आणि टांग वर."

तुझ्या आईला फोनवर मी सांगितलं, "कारण कळलंय, काढून टाकलंय." ती म्हणाली, "मग अजून का खोकतेय?" मी म्हटलं, "भिंतीत मुरलाय गं. जाईल." मी खोटं बोलत नव्हते. मला तसंच वाटत होतं.

उत्तरायणच्या सकाळी आम्ही सगळे गच्चीवर गेलो. आपल्या ओळीतल्या गच्च्या कंबरेएवढ्या कठड्यानं जोडलेल्या आहेत, त्यामुळे सण सगळ्यांचा एकत्र होतो. चिक्की, बोरं, उसाचे करवे, कुणाचा तरी स्पीकर. ऊन निघालं होतं पण पांढुरकं, पाण्यात दूध सांडल्यासारखं. आजोबा फिरकी धरून होते. तुला मी तोंडापर्यंत मफलर गुंडाळला होता. शेजारच्या हंसाबेन तिळाच्या लाडवांचं ताट घेऊन कठड्याशी आल्या. आमची इतक्या वर्षांची मैत्री, तरी त्या दिवशी त्या जरा घुटमळत होत्या.

"मीनाबेन, खोटुं नहीं लगाडता," त्या म्हणाल्या, म्हणजे वाईट वाटून घेऊ नका, "पण तमारी गोळीनी वास अमारा बेडरूम सुधी आवे छे. सवारे तो माथुं चढी जाय." म्हणजे सकाळी तर डोकं चढतं.

त्यांचे यजमान रजनीभाई मांजा सोडता सोडता मराठीत म्हणाले, "आम्हाला वाटला, मराठी लोकात थंडीमधी असा काही रिवाज असेल. रोज सकाळला टीचर शाल लटकवते ने."

सगळे हसले. मीही हसले. सोसायटीत कित्येक आठवडे लोक सकाळी नाकाला रुमाल लावत होते आणि तो वास माझ्या कपाटाचा समजून भिडेखातर गप्प होते. आणि मी तोच वास माझ्या कपाटात शोधत होते.

"हंसाबेन," मी म्हटलं, "माझ्या घरात एकही गोळी नाही. दिवाळीनंतर लगेच सगळ्या फेकून दिल्या."

रजनीभाईंचा हात मांज्यावर थांबला. मी वर पाहिलं. आभाळभर पतंग होते, लाल, हिरवे, चांदीचे, आणि सगळेच्या सगळे एकाच बाजूला ताणलेले होते, नैर्ऋत्येकडे. भूगोलाच्या बाईला यापुढं कुणी काही सांगायला नको. मी वळले आणि वारा येत होता तिकडे तोंड करून उभी राहिले. समोर हायवे होता. हायवेच्या पलीकडे शेतांच्या कडेला, कधी उभ्या राहिल्या ते कळलंच नाही अशा दोन-तीन बुटक्या चिमण्या होत्या. वाऱ्यावर तो वास माझ्या तोंडावर सरळ आला. "काप्यो छे" अशी पतंग कापल्याची आरोळी कुठंतरी उठली आणि तू टाळ्या वाजवल्यास.

दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणला, तुला हंसाबेनकडे ठेवून आम्ही सकाळी लवकर स्कूटरवरून तिकडे गेलो. हायवेच्या पुलावर आजोबांनी गाडी कडेला घेतली. धूर वर जातच नव्हता. थोडासा उठायचा आणि आडवा पसरायचा, वर कुणी काचेचं झाकण ठेवल्यासारखा. खाली थंड हवा, तिच्यावर ऊबदार हवा, आणि खालचं वर जाऊ शकत नाही. फळ्यावर हे चित्र मी दरवर्षी रंगीत खडूनं काढलं होतं, थंडी निळी आणि ऊब तांबडी. आता ते आमच्या सोसायटीपर्यंत पसरलेलं दिसत होतं. पांढऱ्या थरातून पाण्याच्या टाक्या तेवढ्या वर निघाल्या होत्या. त्यातली एक आमची.

कारखान्याच्या फाटकावरच्या फलकावर काय बनतं ते लिहिलेलंच होतं. लपवलेलं काही नव्हतं. दूर कुठंतरी पोलादाच्या कारखान्यासाठी दगडी कोळसा बंद भट्टीत भाजून कोक करतात. त्यातून काळा, दाट पाक निघतो, ते कोळशाचं डांबर. ते टँकरनं इथं येतं आणि तापवून वेगवेगळं केलं जातं. त्यातून तेलं निघतात, तळाला काळी पिच राहते, आणि ज्याच्या गोळ्या करतात तो पांढरा मालही त्यातलाच. मी आयुष्यभर पुरचुंडीत बांधत आले ते हेच. तापवताना, टँकर भरताना, झाकण उघडताना जे निसटतं ते हवेत जातं. वास त्यातल्या काहींनाच असतो. बेंझीन आणि त्याच्या जातीचं बाकीचं काय काय, त्याबद्दल मी नंतर इंग्रजीत पुष्कळ वाचलं. वाचलं ते सगळं इथं लिहीत नाही. एवढंच सांगते, की वास येतो त्याची मला भीती कमी वाटते.

पुलाखाली टपरीवर चहा घेतला. आजोबांनी चहावाल्याला विचारलं, "एवढा वास, त्रास नाही होत?" तो म्हणाला, "शेनी वास?" कसला वास, असं विचारून त्यानं नाक वर करून खरंच हुंगून पाहिलं, आणि आमच्याकडे असं पाहिलं की आम्हीच चहाला नावं ठेवतोय.

परतीच्या वाटेवर आजोबा एकच वाक्य बोलले. "तू रोज पहाटे तिच्या शाली त्यातच टांगत होतीस."

हो. धुतलेल्या, स्वच्छ शाली मी रोज पहाटे त्या थरात टांगत होते आणि खाली आणून तुला पांघरत होते.

मग पूर्वेच्या खिडक्या बंद झाल्या, फटींत जुनी धोतरं कोंबली, तुझी गादी मागच्या खोलीत गेली. महिन्याभरात आई आली आणि तुला पुण्याला घेऊन गेली. तिथं तुझा खोकला हळूहळू थांबला. हवा बदलली म्हणून थांबला, औषध लागू पडलं म्हणून, की आई भेटली म्हणून, हे मी सांगू शकत नाही. डॉक्टरही सांगू शकले नाहीत. ते म्हणाले, "मुलं खोकतात, आंटी." तेही खरंच आहे. ते खरं आहे म्हणूनच माझी काळजी कुठं टेकत नाही.

सोसायटीनं तक्रार केली. तपासणीला एक तरुण आला, दुपारी. दुपारी आभाळ निळंशार असतं. झाकण उठलेलं असतं, वास गेलेला असतो. त्यानं यंत्र लावलं, पाहिलं, चहा घेतला. "आंटी, अत्यारे तो कंई नथी," म्हणजे आत्ता तर काहीच नाही. तो खोटं बोलत नव्हता. पहाटे ये म्हटलं तर म्हणाला, विचारून पाहतो.

पुढं एक चिमणी उंच केली गेली. वास कमी झाला, असं सगळे म्हणतात. मी विचार करते, उंच चिमणी म्हणजे तेच सगळं जरा लांब. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो तेव्हा आमच्याकडे निर्मळ असतं, आणि हायवेपलीकडच्या ज्या गावाहून आपलं दूध येतं, तिथल्या लोकांच्या दारात ते जातं. आमचा चांगला ऋतू तो त्यांचा वाईट. हेही मी तुमच्यापासून लपवत नाही.

यंदा तुमच्या आईनं तिकिटं पाहायला सुरुवात केली तेव्हा मी तिला म्हटलं, जानेवारीत नको. नील, तू दप्तरात दम्याचा निळा पंप घेऊन शाळेत जातोस हे मला ठाऊक आहे. थंडीत तुझ्या श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतो, तो मी फोनवर ऐकला आहे. आजोबांना माझं पटलं नाही. ते दोन दिवस धुसफुसत होते. मग म्हणाले, "चार वर्षं मुलांना पाहिलेलं नाही आपण. आणि इथं काय मुलं राहत नाहीत? त्यांना कोण ऑस्ट्रेलियात पाठवतंय?"

हंसाबेननीही तेच ऐकवलं, जरा टोचून. "तमे तो छोकरांओने ना पाडी दीधी. अमारे क्यां मोकलवा?" तुम्ही मुलांना नाही म्हणून मोकळ्या झालात, आम्ही आमची कुठं पाठवायची. त्यांचा नातू जैनिल त्याच गच्चीवर पतंग उडवतो, त्याच पहाटे शाळेची व्हॅन गाठायला बाहेर पडतो. मग दोघींनी मिळून पापडी निवडली. तपासणी पहाटे व्हावी म्हणून आम्ही दोघी पुन्हा अर्ज घेऊन फिरणार आहोत. यातून काही होईल असं मी तुम्हाला वचन देत नाही.

पण मला सगळ्यात जास्त घोर लागला आहे तो वेगळाच, आणि तो मी आजोबांनाही सांगितलेला नाही. गेल्या आठवड्यात हंसाबेनकडे नवी, धाकटी सून आली, दाहोदकडची, पूजा. दुसऱ्या सकाळी ती ओढणी नाकाला लावून अंगणात आली आणि म्हणाली, "मम्मी, आ शेनी वास आवे छे?" हंसाबेन म्हणाल्या, "कई वास?" रजनीभाईंनी नाक वर केलं आणि मान हलवली. आजोबा कुंपणापाशी उभे होते, तेही म्हणाले, "इथं तर काही नाही." चौघं माणसं एका नव्या मुलीकडे अशी पाहत होती की तिचंच काहीतरी चुकलंय. मलाही त्या क्षणी वास आला नव्हता. मी फाटकापर्यंत गेले, परत आले, डोळे मिटून उभी राहिले, तेव्हा कुठं आला.

पूर्वी तो मला झोपेतून उठवायचा.

तेव्हा रेवा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुम्ही मला सगळ्या महिन्यांत हवे असता, पण जुलैत या. सुट्टी दोनच आठवड्यांची असते, पतंग नसतील, पोंक नसेल, विश्वामित्रीचं पाणी रस्त्यावर आलं तर कुठं जाताही येणार नाही. पण नीलला खिडक्या सगळ्या उघड्या टाकून झोपता येईल. आजोबा नाराज राहतील, त्यांना राहू दे. आणि पुढं कधी एखाद्या वर्षी मी फोनवर म्हणाले, "आता वास येत नाही, या जानेवारीत," तर माझ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. बाहेरगावाहून नुकत्याच आलेल्या कुणाला तरी आधी विचारायला लावा. आईनं हे कुठंतरी लिहून ठेवावं.

सध्या तशी वेळ नाही. आज पहाटे मी दार उघडलं आणि मला वास आला.

तुमची,
आजी